स्मॅशसाठी शारीरिक प्रशिक्षण (व्हॉलीबॉल)

व्हॉलीबॉलमध्ये उंच उडी घेऊन, जाळीवरून चेंडू प्रतिस्पर्धी संघाच्या मैदानात जोराने खाली मारण्याच्या कौशल्यास स्मॅश किंवा स्पाइक असे म्हणतात. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हा खेळ सुरू केला. चेंडू उंच उचलून देणे व तो मारणे ही पद्धत १९१६ च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये विकसित झाली. जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर व महिलांसाठी २.२४ मीटर असते. त्यामुळे स्मॅशची परिणामकारकता उडीची उंची, हाताचा वेग व अचूक वेळ यांवर अवलंबून असते.

शारीरिक आधार

धावण्याचा वेग उंचीत बदलणे हे स्मॅशचे पहिले अंग होय. उजव्या हाताचा खेळाडू सामान्यतः डावे-उजवे-डावे अशी तीन पावले टाकतो. त्यांतील दुसरे पाऊल लांब असते. उडीपूर्वी गुडघे वाकताना मांडी व पोटरीचे स्नायू ताणले जातात आणि लगेच आकुंचन पावल्याने अधिक जोर मिळतो. फटक्याची शक्ती केवळ दंडातून येत नाही. ती कंबर, धड व खांदा या क्रमाने मनगटापर्यंत पोहोचते.

प्रशिक्षण पद्धती

* बलवर्धन : बैठका, वजन घेऊन स्क्वॉट, पायरीवर चढणे व टाचा उचलणे. उड्यांच्या सरावाआधी हा पाया आवश्यक असतो.
* प्लायोमेट्रिक व्यायाम : दोरीवरच्या उड्या, खोक्यावर उडी आणि खोक्यावरून उतरताच पुन्हा उडी. या शेवटच्या प्रकाराचा पाया सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी घातला. ‘प्लायोमेट्रिक्स’ ही संज्ञा अमेरिकी धावपटू फ्रेड विल्ट यांनी १९७५ मध्ये रूढ केली. खोक्याची उंची वाढवल्यावर उडी कमी होऊ लागल्यास ती उंची खेळाडूला झेपत नाही, असे समजावे.
* धड व खांदा : मेडिसिन बॉल डोक्यावरून फेकणे, प्लँक, तसेच रबरी पट्ट्याने दंड बाहेरच्या बाजूस फिरवणे.

दुखापती व दक्षता

अतिरेकी उड्यांमुळे गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा दुखावते. या विकारास ‘जंपर्स नी’ म्हणतात. सततच्या फटक्यांनी दंड आत फिरवणारे स्नायू बळकट होतात, पण बाहेर फिरवणारे मागे पडतात व खांदा दुखू लागतो. वाढीच्या वयातील खेळाडूंची हाडे व सांधे पक्के झालेले नसल्याने त्यांच्या बाबतीत उड्यांची संख्या मोजून ठेवणे, दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरण्यास शिकवणे आणि कठीण सरावांमध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवणे हितावह असते. दुखणे दडपून केलेला सराव कौशल्य वाढवण्याऐवजी खेळाडूला मैदानापासून दूर नेतो.

प्रगतीचे मापन

भिंतीजवळ उभे राहून हात पोहोचेल तेथे खडूची खूण करावी व नंतर उडी मारून दुसरी खूण करावी. दोहोंतील अंतर म्हणजे उभ्या उडीची उंची. ठरावीक काळाने हे मापन केल्यास प्रशिक्षणाचा परिणाम स्पष्ट होतो.