शौचे, योगेश

भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मानवी आतड्यातील जीवाणूसमुदायांचा अभ्यास आणि सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय पातळीवरील जतन या दोन कामांसाठी विशेष परिचित. त्यांचे बहुतेक संशोधन पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झाले.

आतड्यातील जीवाणूंकडे ते वळले ते डासांच्या वाटेने. हत्तीरोगाचा प्रसार करणाऱ्या क्युलेक्स डासाच्या मध्यांत्रात कोणते जीवाणू राहतात, याचा शोध शौचे, मिलिंद पाटोळे आणि सहकाऱ्यांनी घेतला. त्यातून २००२ मध्ये ‘एरोमोनास क्युलिसिकोला’ ही नवी जाती वर्णिली गेली. पुढे ती ‘एरोमोनास व्हेरोनाय’ या आधीच्या जातीतच मोडते असे ठरले. जीवाणूंच्या वर्गीकरणात असे नेहमी घडते आणि त्यामुळे मूळ निरीक्षणाचे मोल कमी होत नाही. नव्या जातींचा असाच शोध वातावरणातही लागला. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा सहभाग असलेल्या त्या प्रयोगातून २००९ मध्ये तीन नव्या जाती जाहीर झाल्या. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून त्यांना नावे दिली गेली. जीवाणूंची ओळख पटवण्याचे काम हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राबरोबर शौचे यांच्या प्रयोगशाळेतही झाले होते.

मानवी आतड्यावरील जागतिक माहिती दीर्घकाळ प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील लोकांच्या नमुन्यांवर उभी होती. भाकरी, भात, डाळ खाणाऱ्या समाजाला ती जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे होते. शौचे यांच्या गटाने येथे एकत्र कुटुंबाचा नेमका उपयोग करून घेतला. एकाच छपराखाली राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या तीन पिढ्या तपासल्या, तर राहणी आणि आहार यांतील फरक बराचसा गळून पडतो आणि वयाचा परिणाम वेगळा दिसू लागतो. दोन कुटुंबांवरील हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नमुना लहान होता, त्यामुळे निष्कर्षांची व्याप्तीही मर्यादित मानावी लागते. पण प्रश्न मांडण्याची रीत चोख होती. २०१६ च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ या प्रजाती ठळकपणे आढळल्या. त्यांपैकी प्रिव्होटेलाचा संबंध तंतुमय, वनस्पतिजन्य आहाराशी जोडला जातो. मेगास्फेराची ‘मेगास्फेरा इंडिका’ ही नवी जाती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांसह २०१४ मध्येच मानवी विष्ठेतून वेगळी करण्यात आली होती. प्राणवायूचा स्पर्शही न सोसणाऱ्या अशा जीवाणूंना प्रयोगशाळेत वाढवणे किचकट असते. २०१७ मध्ये मधुमेहींच्या आतड्याचा अभ्यास करताना या गटाने जीवाणूंबरोबर आर्किया आणि दृश्यकेंद्रकी सूक्ष्मजीवांचाही विचार केला.

नमुन्यातील सर्व डीएनए वाचून तेथे कोण आहे याची यादी करता येते. मात्र जिवंत जीवाणू हाती नसेल तर तो काय करतो हे सिद्ध करणे अवघड जाते. याच कारणासाठी शौचे यांनी प्रमुख म्हणून उभा केलेला सूक्ष्मजीव संग्रह त्यांच्या शोधनिबंधांपेक्षाही महत्त्वाचा म्हणता येईल. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तो २००९ मध्ये सुरू केला. २०११ मध्ये बुडापेस्ट करारानुसार त्याला आंतरराष्ट्रीय निक्षेप केंद्राचा दर्जा मिळाला. चंदीगडनंतरचे हे भारतातील दुसरे केंद्र होय. सूक्ष्मजीवाशी संबंधित पेटंट घेताना त्याचे जिवंत वाण अशा ठिकाणी ठेवावे लागते. पुढे या संग्रहाचे नाव राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र झाले.

मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरील लोणार सरोवर हे या गटाचे आवडते क्षेत्र. हे बेसॉल्टमधील आघाती विवर आहे. त्याच्या तीव्र अल्कधर्मी पाण्यातील व गाळातील जीवाणूवैविध्याचा रेणवीय अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ च्या नाशिक सिंहस्थात गोदावरीच्या पाण्यातील जीवाणूसमुदाय सामूहिक स्नानाने कसा बदलतो, हेही शौचे व सहकाऱ्यांनी नोंदवले. त्या काळात नदीतील जीवाणूंचे वैविध्य घटल्याचे त्यांना आढळले.

निवृत्तीनंतर शौचे बंगळूरच्या स्कॅन रिसर्च ट्रस्टमध्ये आतड्यातील सूक्ष्मजीवांवर काम करू लागले. २०२१ मध्ये राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रातील संशोधकांनी लोणारमधील एका नव्या जीवाणूचे वर्णन करताना त्याच्या आप्तांची फेरमांडणी केली आणि एका प्रजातीला शौचे यांच्या सन्मानार्थ ‘शौचेला’ हे नाव दिले. ‘बॅसिलस क्लॉसाय’ हा जीवाणू आता ‘शौचेला क्लॉसाय’ या नावाने ओळखला जातो. जुलाब झाल्यावर दिल्या जाणाऱ्या ‘एन्टेरोजर्मिना’च्या ५ मिलिलिटरच्या कुपीत त्याचेच २०० कोटी बीजाणू असतात.