तीन लाख होन

छत्रपती संभाजीनगरातल्या भडकल दरवाज्याच्या दगडावर तळहात टेकवा. मागे रिक्षांचे हॉर्न वाजताहेत, वाजू देत. हात काढू नका. थोड्या वेळाने हाताखालचा दगडच विरून जाईल.

साल १६१०. दरवाजा अजून उभा राहिलेला नाही. तुम्ही खाम नदीकाठच्या खडकीत आहात. निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने इथे शहर वसवायला घेतलंय. जिकडे तिकडे चुन्याची धूळ आणि लिदीचा वास.

"पाव्हणं, बाजूला सरा! विजापूरची कुमक येतीय."

एक मराठा बारगीर तुम्हाला हाताला धरून कडेला ओढतो. धुळीतून घोडेस्वार पुढे सरकत राहतात. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने मोगलांविरुद्ध निजामशाहीच्या मदतीला एकूण १०,००० स्वार दिलेत.

"एवढ्यांच्या दाणावैरणीचं काय?" तुम्ही विचारता.

"मुलूख लावून दिलाय न्हवं! वर्साला तीन लाख होनांचा."

इथे जरा थांबा, कारण या दोस्तीचं मर्म इथे आहे. नुसत्या शपथांवर घोडं पोसलं जात नाही, हे अंबर आणि आदिलशहा दोघांनी ओळखलं होतं. शिवाय आदिलशहाने कंधारचा किल्ला अंबरला दिला, बायकामुलं आणि खजिना सुरक्षित ठेवायला. मागे घर सुरक्षित असलं की गनिमी काव्याने लढणारा माणूस मोकळा होतो. मला या करारातलं हेच कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं. वर सोयरीकही झाली होती: अंबरचा मुलगा आणि विजापूरच्या याकूत खान या हबशी सरदाराची मुलगी. त्या लग्नात नुसत्या दारूकामावर ८०,००० रुपये उडाले म्हणतात.

या कराराचं फळ लगेच दिसलं. मोगल सेनापती खानखानानला बऱ्हाणपूरकडे माघार घ्यावी लागली, आणि दहा वर्षांपूर्वी मोगलांनी घेतलेला अहमदनगरचा किल्ला परत निजामशाहीकडे आला.

बारगीर हसतो. त्याच्या डोळ्यांत कसली धास्ती नाही. तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे. सोलापूर दोघांनाही हवंय. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत विजापूरची फौज मोगलांच्या बाजूने उभी राहील, आणि अंबर तलाव फोडून त्यांच्या छावणीत चिखल करील. बारगिराला सांगावं का?

तो विजापूरच्या एका दमलेल्या स्वाराला हाक मारतो, त्याच्या घोड्याचा लगाम धरतो आणि त्याला पाण्याकडे घेऊन जातो.