तान्ह्या पोळ्याचा नंदी : पांढुर्णा-सौंसर भागातील घरगुती बालशिक्षणाचा एक धागा

स्थानिक इतिहास म्हटला की आपण किल्ले, शिलालेख, सनदा, मंदिरं यांच्याकडे वळतो. ते बरोबरच आहे. पण दीड-दोन वर्षांचं लेकरू घरात काय खेळायचं, आणि त्या खेळातून काय शिकायचं, हाही इतिहासच आहे. तो कागदावर फारसा उतरत नाही. बंदोबस्ताच्या कागदांत शेतकऱ्याचा बैल मोजलेला असतो, नांगर मोजलेला असतो. त्याच घरातल्या फळीवरचा लाकडी बैल कोण मोजणार? मी पेशाने यंत्र अभियंता. चाक, आस, घर्षण यांच्यात आयुष्य गेलं, म्हणून या लाकडी बैलाकडे माझं लक्ष आधी गेलं. आपल्या मंडळात आजवर वाचलेल्या निबंधांपेक्षा हा विषय थोडा वेगळा आहे, पण आपल्या मुलखाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे.

मुलूख कोणता

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वीच्या छिंदवाडा जिल्ह्यातले; 2023 साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. जाम आणि कन्हान या नद्यांचा, कापूस, ज्वारी, तूर आणि संत्र्याचा हा पट्टा. देवगडच्या गोंड राजांनंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, 1853 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण अलीकडे राहिलो. राजधानी भोपाळ झाली, शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. घरात मात्र मराठीच राहिली, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तान्हा पोळा

श्रावण अमावास्येला पोळा. त्या दिवशी खऱ्या बैलाचा मान. खांदे चोळायचे, शिंगं रंगवायची, झूल घालायची, तोरणाखाली उभं करायचं, झडत्या म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा. हा मान लहान मुलांचा. लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत न्यायचा, घरोघरी जायचं आणि बोजारा घ्यायचा. बोजारा म्हणजे मुलाच्या हातावर ठेवलेले पैसे किंवा खाऊ. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा सण नवा वाटेल, कारण तो मुख्यतः विदर्भाचा आणि विदर्भाला लागून असलेल्या आपल्यासारख्या भागाचा.

नागपुरात परंपरेने असं सांगतात की, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली हा सण सुरू केला. राजवाड्यातल्या मुलांना बैलाचं महत्त्व कळावं, पण खऱ्या बैलाजवळ जाण्याचा धोका नको, म्हणून लाकडी बैल. काळ लक्षात घ्या. 1803 च्या देवगावच्या तहात रघुजींनी कटक आणि वर्धेपलीकडचं वऱ्हाड गमावलं होतं. राज्य आकसत असताना त्याच राजाच्या नावावर लोकांनी मुलांच्या सणाची आठवण जपली, हे मला बोलकं वाटतं. परंपरेतलं साल एकवेळ बाजूला ठेवा. त्यामागे सांगितलेलं कारण शिक्षणाचं आहे. मोठ्यांच्या कामाची लहान, बिनधोक प्रतिकृती मुलाच्या हातात द्यायची, हाच तो विचार.

नंदीची रचना

आता थोडं माझ्या पेशाकडे. जुना घरगुती नंदी पाहिलात तर त्याचे तीन भाग दिसतात : सुताराने एका ठोकळ्यातून कोरलेला बैल, खाली फळी, आणि फळीला चार चाकं. पुढे खिळा किंवा भोक, त्यात दोरी. चाकं फार गोल नसतात आणि आसावर सैल बसतात. कारखान्यात हा दोष ठरला असता. इथे तो गुण आहे, कारण घर्षण जास्त असल्यामुळे नंदी उतारावर पळून मुलाच्या टाचेवर येत नाही, आणि चाक खडखडतं. तो खडखडाट मुलाला सांगतो की मागे वस्तू येते आहे.

हीच गोष्ट पांगुळगाड्याशी ताडून पाहा. पांगुळगाडा ढकलायचा असतो. तो मुलाच्या पुढे असतो, आधार देतो, नुकतं उभं राहणाऱ्या लेकराचा असतो. नंदी ओढायचा असतो. तो मागे असतो, आधार देत नाही. त्यासाठी मुलाला आपल्या पायावर चालता आलं पाहिजे, चालता चालता मागे वळून पाहता आलं पाहिजे, उंबरठ्यावर अडकला तर थांबून, दोरी सैल करून, उचलून पुढे ठेवता आला पाहिजे. म्हणजे आधी ढकलणं, मग ओढणं, असा क्रम आपल्या सुतारांनी आणि आज्यांनी न लिहिता लावलेला होता. आजचे बालविकासाचे अभ्यासकही ओढायची खेळणी चालणं पक्कं झाल्यावरच द्या म्हणतात.

चाकावरचा बैल आपल्याकडे किती जुना? सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर मातीच्या गाड्या आणि बैल विपुल सापडले आहेत. महाराष्ट्रात दायमाबादला 1974 मध्ये चार धातूच्या वस्तू मिळाल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, चाकांवर बसवण्याच्या रचनेच्या. त्या चारींचं वजन मिळून साठ किलोंच्या वर आहे. तेव्हा त्या लहान मुलाच्या हातातल्या नव्हेत, मिरवणुकीच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. दायमाबादपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह मी टाळतो. एवढंच म्हणतो की, चाकावर जनावर बसवून ओढणं ही या भूमीची फार जुनी सवय आहे.

घरातले बाकीचे खेळ

नंदी वर्षातून एकदा सजतो, पण लेकरू रोज खेळतं. आपल्या भागातल्या जुन्या घरांत रोजच्या खेळाचं सामान विकत आणलेलं नसायचं. ते शेतातून आणि स्वयंपाकघरातून यायचं.

ज्वारीची ताटं सोलून त्यांच्या भेंडाची आणि सालीची गाडी, बैलजोडी करायची. जोडायला बाभळीचा काटा. मोठी भावंडं करणार, लहान पाहणार, मग मोडणार. मोडणं हाही शिक्षणाचाच भाग धरलेला होता, कारण ताटं फुकटची होती.

आई-आजी सुपात तूर किंवा हरभरा निवडत बसली की लेकराला बाजूला एक ताटली मिळायची. खडा इकडे, दाणा तिकडे. रंग, आकार, लहान-मोठं हे सगळं त्या सुपाशेजारी. संत्र्याच्या दिवसांत साल सोलायला द्यायची. बोटांच्या चिमटीला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. मग फोडी मोजायच्या, एक दादाला, एक आजीला, एक तुला. मोजणी आणि वाटणी एकाच फळात.

आणि भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी गाणी म्हणायच्या, आणि शेवटी खिरापत ओळखायची. झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं : फुटाणे, लाडू, की पेढा? मोठ्या बहिणीच्या कडेवर बसलेलं दोन वर्षांचं लेकरूही त्यात बोलायचं. ते चुकायचं, सगळे हसायचे, डबा पुन्हा हलायचा. आवाज ऐकून वस्तूचं अनुमान करणं आणि त्या वस्तूला नाव देणं, असं दुहेरी काम त्या डब्यात होतं. ध्वनी ओळखण्याचे डबे पुढे माँटेसरी पद्धतीच्या साहित्यात विकत मिळू लागले. आपल्याकडे ते काम खिरापतीच्या डब्याने भागत होतं.

तज्ज्ञांनी हेच कसं ओळखलं

घरगुती खेळाला शिक्षणाचा दर्जा देण्याचं काम विसाव्या शतकात झालं, आणि त्यातली मोठी नावं आपल्यापासून लांबची नाहीत. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. या ताराबाईंनी त्याआधी काही वर्षं अमरावतीत संसार केला होता, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1939 मध्ये मारिया माँटेसरी स्वतः भारतात आल्या, युद्धामुळे अडकल्या आणि त्यांच्या पद्धतीला इथे जोर चढला.

अडचण साहित्याच्या किमतीची होती. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे त्यांनी महागड्या लाकडी साहित्याऐवजी दगड, शिंपले, बिया, पानं, माती वापरली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

दुसरीकडे वर्ध्याला, सेवाग्राममध्ये, 1937 पासून नई तालीमचा विचार सुरू झाला होता. 1945 मध्ये त्याची कक्षा वाढवून शाळेआधीचं वय त्यात धरलं गेलं, त्याला पूर्व-बुनियादी म्हणत. तिथलं सूत्रही हेच : घरातलं काम, आसपासच्या वस्तू, आई-वडिलांचा सहभाग.

तज्ज्ञांनी इथे जे केलं ते निवड करून, क्रम लावून आणि नोंद ठेवून केलं. आपल्या आज्यांकडे निवड होती, क्रम होता. फक्त नोंद नव्हती. म्हणून कोसबाडचं नाव पुस्तकात आलं, आणि सुपाशेजारची ताटली आली नाही.

त्याच दिवशीची गोटमार

पांढुर्ण्याचं नाव बाहेर ज्या कारणाने माहीत आहे ते टाळून हा निबंध प्रामाणिक होणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमक्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, जाम नदीत गोटमार होते. पात्रात पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगड. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या पळून जाण्याची कथा त्यामागे सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चाललं नाही.

एकाच गावात, एकाच तिथीला, दोन खेळ. एक गल्लीत, दोरीला बांधलेल्या नंदीचा. एक नदीत, दगडांचा. पत्रकार आणि कॅमेरे दुसऱ्याकडे जातात. गोटमारीवर शेकड्याने बातम्या सापडतील. पांढुर्ण्याच्या तान्ह्या पोळ्यावर चार ओळी शोधाव्या लागतात. ज्याची नोंद होते त्यालाच गावाची ओळख म्हणायची सवय लागते, आणि लेकरूही मोठं होताना गावाबद्दल तेच ऐकतं. नोंद करणाऱ्याची जबाबदारी इथे सुरू होते.

भाषा खेळात टिकते

आता सुरुवातीला ठेवलेला मुद्दा. 1956 नंतर आपल्या मुलांची अक्षरओळख बहुतेक हिंदीत झाली. त्याबद्दल तक्रार नाही. दोन भाषा येणं हे धनच आहे. पण वेसण, झूल, बाशिंग, बोजारा, सूप, फोड, खिरापत हे शब्द कोणत्याच शाळेने इथे शिकवले नाहीत. ते खेळातून आले. मुलगा नंदीला वेसण घालतो तेव्हा त्याला शब्द आणि वस्तू एकदमच मिळतात. खेळ गेला की शब्दाला राहायला घर उरत नाही. आज ट्रॅक्टरने बैल कमी केले, मोबाइलने आजीची गोष्ट कमी केली, आणि बाजारात मिळणारा नंदी पुष्कळदा शोभेचा असतो. चाकं असली तरी फिरत नाहीत. माझ्या मते ते नुकसान नुसतं कारागिरीचं नाही.

म्हणून आपल्या सदस्यांना दोन विनंत्या. पहिली, घरात जुना लाकडी नंदी, पांगुळगाडा, भातुकली असेल तर फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, लाकूड कोणतं, सुतार कुठल्या गावचा, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. नदीकाठच्या वीरगळाची नोंद जशी करतो, तशीच.

दुसरी, घरात तान्हं नातवंड असेल तर यातलं एखादं करून पाहा. खर्च नाही. डब्यात फुटाणे घालून झाकण घट्ट लावा आणि हलवा. संत्रं अर्धं सोलून हातात द्या. फिरत्या चाकांचा नंदी द्या. फक्त तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, तूर, फुटाणे, सागरगोटे सुटे ठेवू नका, घशात अडकतात. जुन्या घरात शेजारी कोणी ना कोणी बसलेलं असायचं. आज ते माणूस आपणच व्हायचं आहे.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडे नंदींची नोंद करण्याचा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवतो आहे. फीत, वही आणि बोजाऱ्यासाठी सुटे पैसे घेऊन या.