खांदा बरा झाला, हे कोणी ठरवायचे?

१/९
शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे शल्यविशारद सांगतो. रुग्णाला मात्र अजून केस विंचरता येत नाहीत. खरे कोणाचे मानायचे? रुग्णाच्या शब्दाला पुराव्याचा दर्जा कसा मिळाला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/९
अर्नेस्ट अमोरी कॉडमन (१८६९–१९४०) हे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शल्यविशारद. त्यांचा आग्रह साधा होता : प्रत्येक रुग्णाची नोंदपत्रिका ठेवावी, किमान वर्षभराने त्याची पुन्हा तपासणी करावी आणि उपचार फसला असल्यास त्याचे कारण लिहावे.

३/९
हा आग्रह अनेकांना रुचला नाही. बढती कर्तृत्वावर नव्हे, तर ज्येष्ठतेवर मिळते, याच्या निषेधार्थ त्यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. १९१५ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय सभेत शहरातील प्रतिष्ठितांची खिल्ली उडवणारे व्यंगचित्र झळकवले आणि त्यांना अध्यक्षपदही गमवावे लागले.

४/९
तरीही स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी जगापुढे मांडला आणि त्यात १२३ चुकांची कबुली दिली. १९३४ मध्ये त्यांचा खांद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिणाम मोजण्याची गरज त्यांनी पटवली. तो मोजायचा कशाने, हा प्रश्न मात्र उरला.

५/९
१९८७ मध्ये कॉन्स्टंट आणि मर्ली यांनी १०० गुणांची मोजपट्टी मांडली. वेदना आणि दैनंदिन कामे यांना ३५ गुण. हाताची हालचाल आणि ताकद यांना ६५. म्हणजे मोठा वाटा अजूनही तपासणाऱ्याच्याच हाती होता.

६/९
हात किती अंशांत उचलला जातो, हे मोजता येते. रात्री कुशीवर झोप लागते का, हे रुग्णच सांगू शकतो. म्हणून केवळ रुग्णाने भरायच्या प्रश्नावल्या आल्या : १९९१ मध्ये १३ प्रश्नांची ‘स्पाडी’, १९९६ मध्ये संपूर्ण हातासाठी ३० प्रश्नांची ‘डॅश’ आणि खांद्यासाठी १२ प्रश्नांची ‘ऑक्सफर्ड’.

७/९
पण सांगितलेले मोजमाप मानायचे कधी? त्यासाठी दोन कसोट्या आहेत. स्थितीत बदल नसताना पुन्हा विचारल्यावर जवळपास तेच उत्तर मिळणे, ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे, ही वैधता. दर वेळी अर्धा किलो जास्त दाखवणारा काटा विश्वसनीय असतो, वैध नव्हे!

८/९
डॉसन, फिट्झपॅट्रिक आणि कार यांनी ऑक्सफर्डचे प्रश्न रुग्णांशी बोलूनच घडवले. मग उत्तरांतील सुसंगती तपासली, गुणांची कॉन्स्टंटच्या मोजपट्टीशी तुलना केली आणि शस्त्रक्रियेनंतरचा बदल त्यांत उमटतो का, हेही पाहिले. रुग्णाचा शब्द आता कसोटीला उतरलेला पुरावा होता.

९/९
मात्र एकदा मिळालेली वैधता सर्वत्र चालत नाही. खांदा वारंवार निखळणाऱ्या रुग्णाला वेदनेपेक्षा तो पुन्हा निखळण्याची धास्ती अधिक. त्यांच्यासाठी १९९९ मध्ये वेगळी प्रश्नावली करावी लागली. ऑक्सफर्डच्या प्रश्नावलीत सुरी-काटा एकाच वेळी वापरता येतो का, असा प्रश्न आहे. हाताने जेवणाऱ्या समाजात तो तसाच विचारून काय कळणार? केवळ भाषांतर पुरत नाही. नव्या भूमीत दोन्ही कसोट्या नव्याने द्याव्या लागतात. (समाप्त)