पोरांपर्यंत नशा पोचतेच कशी? गाव, शाळा आणि घराच्या हातात काय आहे, वाचा सविस्तर

ग्रामसभेत किंवा पालकसभेत नशेचा विषय निघाला की दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "विकणारे उचला, सगळं बंद होईल." दुसरा म्हणतो, "घरच्यांचंच लक्ष नाही, पोलीस तरी काय करणार?" दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण कायदा विकणाऱ्याला एका तराजूत आणि व्यसनात अडकलेल्याला दुसऱ्या तराजूत तोलतो, हे या वादात राहून जातं. ते माहीत नसल्याने घरचे केसच्या भीतीने गप्प राहतात, आणि या गप्प राहण्याचा फायदा विकणाऱ्याला होतो.

माल येतो कुठून?

एमडी म्हणजे मेफेड्रोन हे आता फक्त मुंबई-पुण्याचं प्रकरण राहिलेलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी 2024 मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसीत एमडी बनवणारे कारखाने पकडले गेले. 2025 मध्ये तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण गाजलं. गांजा परराज्यातून येतो, तसाच धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यासारख्या डोंगराळ भागात शेतातही सापडतो. तूर-कपाशीच्या आड झाडं लावल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच.

पण शाळकरी पोराची सुरुवात बहुतेक वेळा एमडीपासून होत नाही. ती होते टपरीवरच्या तंबाखू-गुटख्याने, पंक्चरच्या सोल्युशनने, खोकल्याच्या औषधाने, नाहीतर 'बटन' किंवा 'कुत्ता गोळी' म्हणून विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांनी. 2019 मध्ये जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, तर प्रौढांत 0.58 टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेला हा एकच प्रकार. सोल्युशन हुंगल्याने हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो.

शिक्षा किती?

एनडीपीएस कायदा 1985 चा आहे. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते.

- गांजा: 1 किलोपर्यंत 'अल्प', 20 किलोपासून 'व्यावसायिक' प्रमाण.
- एमडी: 2 ग्रॅमपर्यंत अल्प, 50 ग्रॅमपासून व्यावसायिक.
- अल्प प्रमाणाला 1 वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंत, व्यावसायिक प्रमाणाला 10 ते 20 वर्षे कैद. व्यावसायिक प्रमाणात जामीनही सहजासहजी मिळत नाही.
- गांजाची लागवड: 10 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.
- मुलाला नशेचा पदार्थ देणं किंवा मुलाच्या हातून विकणं: बाल न्याय कायदा 2015, कलम 77 आणि 78 नुसार 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. कलम 77 मध्ये तंबाखूही येते.

सरपंच, शेतकरी, मेडिकलवाले यांच्यासाठी

एनडीपीएस कलम 46 नुसार आपल्या जमिनीत गांजाची बेकायदा लागवड दिसली तर जमीनधारकाने लगेच कळवणं बंधनकारक आहे. शेत बटईने दिलं असेल तरी चक्कर मारत राहा. कलम 47 हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकतं. "आपल्याला काय करायचंय" असं म्हणायची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही.

शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीनची औषधं 'एच-1' यादीत आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि प्रत्येक विक्रीची नोंद रजिस्टरला करावी लागते. ग्रामपंचायतीने टपऱ्यांबाबत ठराव करावा. गोळ्या चिठ्ठीविना मिळत असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी.

केसच्या भीतीने लपवू नका

पोरगं अडकलंय हे कळल्यावर मारहाण होते, लग्नकार्यात नाव खराब होईल म्हणून गोष्ट दाबली जाते. शाळाही कधी कधी दाखला हातात देऊन मोकळी होते. शाळा सुटलेलं पोरगं मग दिवसभर त्याच टोळक्यात बसतं.

कलम 64-अ नीट समजून घ्या. व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला गेली आणि तिने ते पूर्ण केले, तर सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. 18 वर्षांखालील मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं.

लक्ष कुठे ठेवायचं?

अचानक मित्र बदलणं, घरातून पैसे किंवा वस्तू जाणं, कपड्यांना थिनर-सोल्युशनचा वास, लाल डोळे, दप्तरात गोळ्यांची रिकामी पाकिटं, शाळेला दांड्या. यातलं एखादं चिन्ह म्हणजे व्यसनच असं नाही. तीन-चार एकत्र दिसली तर शांतपणे बोला आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठा. झोपेच्या गोळ्यांची सवय लागली असेल तर त्या घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. खासगी केंद्रात ठेवण्याआधी परवाना आणि डॉक्टर आहेत का, ते बघा.

हे नंबर जपून ठेवा

- 1933: ड्रग्ज विक्रीची माहिती देण्यासाठी 'मानस' हेल्पलाइन
- 14446: व्यसनमुक्ती सल्ला
- 1098: मुलांसाठी मदत
- 112: तातडीची पोलीस मदत

कारखाना शोधणं पोलिसांचं काम आहे. पण टपरीवर काय मिळतं, मेडिकलमध्ये चिठ्ठीविना काय जातं आणि पडक्या इमारतीत संध्याकाळी कोण बसतं, हे गावाला पोलिसांच्या आधी कळतं. ते वेळेत कळवलं आणि अडकलेल्या पोराला दवाखान्यात नेलं, तर विकणाऱ्याचं गिऱ्हाईक तिथेच तुटतं.