आचाऱ्यावर आळ



या व्याख्यानमालेला विद्वानांची परंपरा आहे. आमचा त्या मानाने अधिकार तो काय! आमचे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि कारखान्यांच्या फाटकांवर. म्हणून चिटणिसांनी इतिहासावर बोला असे सुचविले तेव्हा आम्ही राजेरजवाड्यांच्या वाटेला न जाता नळाचा इतिहास घेतला. त्यातही एकाच अपघाताचा. पिण्याच्या पाण्याच्या नळाला कोणी तरी दुसऱ्या पाण्याचा नळ जोडतो आणि केव्हा तरी ते दुसरे पाणी उलटे वाहून पहिल्यात शिरते, त्या अपघाताचा.

हा विषय आम्हांला पुस्तकातून मिळालेला नाही. १९९८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात तीन दिवसांत चाळीसएक कामगार जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. व्यवस्थापनाने कँटीनमधले दोन आचारी व एक वाढपी यांना त्याच दिवशी घरी बसविले. आम्ही भांडायला गेलो ते नोटीस न देता काढले एवढ्याच मुद्द्यावर. अन्न त्यांनीच नासविले असणार असे आमच्याही मनात होते, हे आज कबूल केलेच पाहिजे. दोन आठवड्यांनी एका म्हाताऱ्या फिटरने आम्हांला बॉयलरघरामागे नेले आणि म्हणाला, "साहेब, आचाऱ्याचं सोडा, हे बघा." बोअरच्या पाण्याची लाइन पिण्याच्या लाइनला एका साध्या व्हॉल्वने जोडलेली होती. पाणी कमी पडले की तो व्हॉल्व उघडीत. बोअरपासून सेप्टिक टाकी वीस पावलांवर! वाढपी व एक आचारी कामावर परत आले. दुसरा आचारी तोवर गावी निघून गेला होता. त्याचा पत्ता आम्हांला पुढे लागला नाही. तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत आलो.

पाणी उलटे वाहते ते कसे, हे आधी सांगितले पाहिजे. नळात दाब असतो तोवर पाणी बाहेर ढकलले जाते. परंतु शेजारी आग लागून बंबांनी पाणी ओढले, मुख्य नळ फुटला, किंवा आपल्याकडे होते तसे तास-दोन तासांनी पाणी बंद झाले, म्हणजे दाब पडतो. उंचावरच्या नळातले पाणी खाली उतरू लागते आणि मागे पोकळी राहते. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. तेव्हा या पोकळीला ओढ किती असेल याचा अंदाज करावा. वरच्या मजल्यावर कोणी नळाला रबरी पाइप लावून तो पोछ्याच्या बादलीत सोडला असेल, तर बादलीतले पाणी सरळ नळात जाते. दुसरा प्रकार याहून साधा. दोन नळांची गाठ असेल आणि घाण पाण्याचा दाब जास्त असेल, तर ते चांगल्या पाण्याला मागे ढकलते. मधला व्हॉल्व बंद आहे ना, असे म्हणून काही उपयोग नाही. व्हॉल्व गळतो, आणि न गळला तरी तो कोणी तरी उघडतो.

ही गोष्ट माणसाला उमगली ती दीडशे वर्षांपूर्वी. १८७३ साली केंब्रिजच्या कीज कॉलेजात विषमज्वराची साथ आली. नवल असे की, ती आली जुन्या अंधाऱ्या इमारतींत नव्हे, तर नुकत्याच बांधलेल्या, आरोग्याच्या सर्व सोयींनी युक्त अशा नव्या चौकात. सरकारने डॉ. जॉर्ज बुकॅनन यांना चौकशीस पाठविले. त्यांनी दूध, अन्न, गटार सर्व तपासले आणि शेवटी नळावर आले. या चौकातल्या संडासांना पाणी मधली टाकी न ठेवता थेट नळातून दिले होते. शहराचा पुरवठा खंडित झाला की संडासाकडची घाण नळात ओढली जाई, आणि पुरवठा सुरू झाला की तीच पिण्याच्या तोटीतून बाहेर येई. विषमज्वराचा जंतू त्या वेळी कोणी पाहिलेलाही नव्हता. एबर्टने तो पाहिला १८८० साली. रोगाचा जंतू माहीत नसताना केवळ नळांची वाट शोधून बुकॅननसाहेबांनी निदान केले. आम्हांला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. शिकलेल्या डॉक्टराने फिटरचे काम केले, म्हणून.

परंतु ज्या घटनेमुळे हा प्रश्न सगळ्या अमेरिकेला कळला, ती शिकागोची. १९३३ साली तेथे 'शतकाची प्रगती' या नावाचे जागतिक प्रदर्शन भरले होते. मंदीचे दिवस, तरी त्या एका हंगामात दोन कोटींहून अधिक लोकांनी ते पाहिले. पाहुण्यांनी हॉटेले भरून गेली. त्यांत समोरासमोरची दोन मोठी हॉटेले होती, ऑडिटोरियम आणि काँग्रेस. (हे दुसरे नाव ऐकून आमच्याकडच्या श्रोत्यांनी भलताच तर्क करू नये.) ऑगस्टमध्ये शहराच्या आरोग्यखात्याला अमीबाच्या आमांशाचे पहिले रुग्ण आढळले. खात्याने काय केले? हॉटेलातले आचारी, वाढपी, भांडी घासणारे यांची तपासणी केली. पुष्कळांच्या पोटात अमीबा सापडला. मग काय, गुन्हेगार मिळाले! त्यांना कामावरून दूर केले आणि साथ आटोक्यात येईल असे मानले गेले.

ती आटोक्यात आली नाही. हा रोग अंगात भिनून उठायला आठवडे लागतात. तोवर पाहुणे आपापल्या गावी पोहोचलेले. तिथल्या डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे आमांश हा उष्ण देशांचा, म्हणजे आपल्यासारख्यांचा रोग. तो थंड हवेच्या अमेरिकन माणसाला कसा होईल? त्यांनी अपेंडिसायटिस म्हणून पोटे फाडली, आणि कित्येक रुग्ण त्या शस्त्रक्रियेनेच दगावले. नाट्यगृहे व नाइटक्लब गाजविणारी टेक्सस गिनान ही नटी ५ नोव्हेंबर १९३३ रोजी कॅनडात व्हँकूव्हर येथे याच रोगाने वारली. शिकागोत ती काँग्रेस हॉटेलात उतरली होती. बाहेरगावच्या डॉक्टरांना व जनतेला उघड इशारा मिळाला तो नोव्हेंबरात, प्रदर्शन आटोपत आले तेव्हा. आरोग्याधिकारी हर्मन बंडेसन यांच्यावर या विलंबाबद्दल पुढे कडक टीका झाली. प्रदर्शनाचा गल्ला सांभाळायचा होता म्हणून गप्प बसले, असा आरोप त्यांच्यावर होता. त्यांच्या मनातले आम्हांला सांगता येणार नाही. परंतु ऑगस्ट ते नोव्हेंबर हे अंतर कोणालाही मोजता येते.

शेवटी इंजिनियर मंडळी हॉटेलांच्या तळघरात उतरली, आणि चित्र पालटले. जुन्या इमारती, वर्षानुवर्षे जोडीत, तोडीत, फिरवीत आणलेले नळ, गळक्या सांडपाण्याच्या वाहिन्या, आणि पिण्याच्या व घाण पाण्याच्या नळांत ठिकठिकाणी जोडण्या. अमीबाची कवचे नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाहीत, तेव्हा शहराने शुद्ध करून पाठविलेले पाणी इमारतीत शिरल्यावर नासत होते. एकूण १,४०९ रुग्ण आणि ९८ मृत्यू असा हिशेब पुढे सरकारी अहवालात आला. आता त्या आचाऱ्यांकडे वळू. त्यांच्या पोटात अमीबा होता हे खोटे नव्हते. पण ते त्याच इमारतीत रोज आठ-दहा तास राबत होते आणि तेच पाणी पीत होते! पाहुणा दोन दिवस प्याला, नोकर वर्षभर. ज्याला सर्वांत आधी व सर्वांत जास्त विष मिळाले, त्यालाच विष घालणारा ठरविले. आमच्या कारखान्यातल्या वाढप्याची तपासणी तर कोणी केलीही नव्हती.

शिकागोनंतर अमेरिकेतल्या शहरांनी नळजोडणीचे नियम आवळले. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र इतका साधा आहे की त्याला उपाय म्हणवत नाही: हवा. तोटी आणि खालच्या भांड्याचा काठ यांत तोटीच्या व्यासाच्या निदान दुप्पट मोकळे अंतर ठेवायचे. हवेतून पाणी उलटे चढत नाही. जिथे हे जमत नाही तिथे उलटा प्रवाह अडविणारी यंत्रे बसवितात, आणि ती दर वर्षी तपासावी लागतात; नुसता एक नॉनरिटर्न व्हॉल्व बसवून डोळे मिटणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवणे. नियम असूनही १९६९ साली वुस्टर येथील होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघातले जवळजवळ सगळे खेळाडू काविळीने पछाडले. जवळ आग लागून नळाचा दाब पडला होता, आणि मैदानाला पाणी देणाऱ्या, खड्ड्यात बसविलेल्या तोटीतून घाण ओढली गेली होती. संघाला तो हंगाम सोडावा लागला.

हल्ली हा प्रश्न नव्या वेषात आला आहे. पाणी पुरत नाही म्हणून पावसाचे, बोअरचे, सांडपाणी शुद्ध करून मिळविलेले पाणी वेगळ्या नळाने खेळवितात. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. पिण्याचे पाणी संडासात ओतणे हे शहाणपण नव्हे. परंतु घरात दुसरा नळ आला की गाठ मारण्याची एक जागाही आली. हॉलंडात उट्रेख्तजवळच्या लाइड्‌स राइन या नव्या वस्तीत घरोघरी दोन नळ दिले होते. २००१ साली दुरुस्तीच्या वेळी केलेली जोडणी तशीच राहिली, अर्धवट शुद्ध केलेले नदीचे पाणी पिण्याच्या नळात गेले आणि लोक आजारी पडले. २००३ साली तिथल्या सरकारने अशा मोठ्या योजना बंद केल्या. फिनलंडमधील नोकिया गावी २००७ च्या नोव्हेंबरात सांडपाणी-केंद्रातला एक व्हॉल्व उघडा राहिला आणि सुमारे साडेचार लाख लिटर प्रक्रिया केलेले सांडपाणी गावाच्या पिण्याच्या नळांत गेले. आठ हजारांहून अधिक माणसे आजारी पडली. कोणी उघडला, कोणी बंद करायचा राहिला, याची चर्चा तिथेही झालीच. आम्ही विचारतो, तो नळ तिथे जोडला कोणी आणि मंजूर कोणी केला? कॅलिफोर्नियात अशा पाण्याचे नळ जांभळ्या रंगाचे ठेवतात. आमच्याकडे टोलेजंग इमारतींत दोन लाइनी असतात. त्यांतली कोणती कोणती, हे पुष्कळदा एकट्या प्लंबरला ठाऊक असते, आणि तो कंत्राटावर. आज आहे, उद्या नाही.

त्या म्हाताऱ्या फिटरची तपासणीची रीत अशी होती: एक लाइन पुरती बंद करायची, मग इमारतीतली एकूणएक तोटी उघडून पाहायची. बंद लाइनीवरच्या तोटीतून पाणी येत राहिले तर कुठे तरी गाठ आहे. नंतर दुसरी लाइन बंद करून पुन्हा तेच. सुटीचा एक दिवस आणि दोन माणसे लागतात. १९९९ च्या करारात आम्ही पगारवाढीच्या कलमांखाली एक कलम घालून घेतले, की ही तपासणी दर वर्षी होईल आणि नळांचा नकाशा कँटीनच्या भिंतीवर लागेल. व्यवस्थापकांना हसू आले, पण सही झाली. नकाशा त्या फिटरने स्वतः काढला, निळ्या आणि तांबड्या शाईने. २००९ साली कारखाना बंद पडला तेव्हाही तो तिथे होता. तेलकट झाला होता, पण वाचता येत होता.