चार मुकी बटणे: आर्केडच्या फळीवरचा इतिहास

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात वाढलेल्या माणसाला ‘मुस्तफा’ म्हटले, की त्याला व्हिडिओ गेमचे पार्लर आठवते. या गेमचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकी चित्रकथेवरून जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. निवडायला चार पात्रे होती, त्यात एक मुस्तफा कैरो. धावत येऊन लाथ घालणारा हा गडी पोरांना इतका आवडला की गेमचे मूळ नाव मागे पडले. मोहल्ला कुणाचाही असो, गेमचे नाव ‘मुस्तफा’च.

मुस्तफा खेळायला दोन बटणे पुरत. एक मारण्याचे, दुसरे उडीचे. पण ज्या फळीवर आपण तो खेळत होतो, तिच्यावर अनेकदा सहा बटणे असत. उरलेली चार कितीही बडवली तरी काही होत नसे. ती बिघडलेली आहेत, असा आपला समज होता. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच गेमसाठी पाडलेल्या भोकांत बसली होती. त्या भोकांना स्वतःचा इतिहास आहे.

एक भोक, पाच भोके

नाण्यावर चालणारा पहिला व्यावसायिक व्हिडिओ गेम १९७१ साली अमेरिकेत आला. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांच्या या ‘कॉम्प्युटर स्पेस’मध्ये यान वळवायला, पुढे ढकलायला आणि गोळी झाडायला बटणे होती. लोकांना ते अवघड गेले. पुढच्याच वर्षी अटारीने ‘पाँग’ आणला. त्याच्या फळीवर फिरवायच्या फक्त दोन खुंट्या होत्या, प्रत्येक खेळाडूला एक. तो तुफान चालला.

त्यानंतर प्रत्येक यशस्वी गेमने आपली फळी आपल्या गरजेप्रमाणे घडवली. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला जॉयस्टिक नव्हती, यान चालवायला पाच बटणे होती. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला फक्त जॉयस्टिक, सुरुवातीचे बटण सोडले तर हाताला दुसरे बटण नाहीच. १९८१ च्या ‘डिफेंडर’मध्ये वर-खाली हलणारी दांडी आणि पाच बटणे. त्या काळी नवा गेम म्हणजे नवा डबा, नवी फळी. भोके कारखान्यात पडत आणि कायम राहत.

जुना डबा, नवा गेम

१९८३ च्या सुमारास अमेरिकेतला हा धंदा कोसळला. पार्लरमालकांकडे जुने डबे पडून होते आणि नवे घेण्याची ऐपत नव्हती. यातून ‘कन्व्हर्जन किट’ वाढले. डबा जुनाच ठेवायचा. आतला सर्किट बोर्ड, वरची पाटी आणि फळीवरचे चित्र बदलायचे. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ५६ पिनांच्या जोडणीचे एक मानक ठरवले. संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जॅमा’ म्हणतात. या मानकाने काम फारच सोपे केले. जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा.

पण जॅमाने वायरचा प्रश्न सोडवला, फळीचा नाही. त्यात प्रत्येक खेळाडूसाठी एक जॉयस्टिक आणि तीन बटणे गृहीत होती. १९९१ मध्ये कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ आला, त्याला प्रत्येकी सहा बटणे लागत. हलका, मध्यम आणि जोरदार ठोसा वरच्या ओळीत. तशाच तीन लाथा खालच्या ओळीत. लाथांच्या तारा जॅमाच्या जोडणीत मावत नव्हत्या, म्हणून बोर्डाला वेगळी जोडणी दिली गेली. तारांची सोय अशी झाली. जुन्या फळीवर मात्र दोन-तीनच भोके होती. दोन खेळाडूंची मिळून बारा करायची, तर ड्रिल घेऊन कुणाला तरी बसावेच लागणार होते.

पत्रा वर, लाकूड खाली

अनेक ठिकाणी जुनी, भोकाळलेली लाकडी फळी तशीच ठेवून तिच्यावर पत्रा ठोकला जाई. पत्र्याने जुनी भोके झाकत. मनगटांच्या घर्षणाने, सांडलेल्या थंड पेयाने आणि सिगारेटच्या चटक्याने खराब होणारे लाकूड वाचे. मात्र अशा जोडफळीला भोक पाडणे कारागिराची परीक्षा असते, कारण दोन वस्तूंचा स्वभाव वेगळा. लाकडाला वेग चालतो, पत्र्याला चालत नाही. वेगात पत्रा तापतो आणि दात बोथट होतात.

म्हणून आधी कागदावर आखणी. दोन बटणांच्या केंद्रांत किती अंतर ठेवायचे, हे तिथेच ठरते. भोक ३० मिलिमीटरचे आणि केंद्रांतले अंतरही ३० ठेवले, तर भोके एकमेकांना भिडतात. बटणाची कड भोकापेक्षा मोठी असते, हेही धरावे लागते. म्हणून हे अंतर साधारण ३६ ठेवतात. मग पंच ठोकून पत्र्यावर खूण, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आधी बारीक भोक, त्यानंतर गोल दातेरी करवत. पत्रा कापताना वेग कमी आणि तेलाचा थेंब. फळीच्या पाठीला टाकाऊ लाकूड घट्ट आवळलेले हवे, नाहीतर करवत बाहेर पडताना प्लायवूडच्या चिपा उडतात. शेवटी कानस फिरवून कडा बोथट करायच्या आणि लोखंडाचा कीस झाडून काढायचा. तो स्विचमध्ये किंवा बोर्डावर गेला, तर भोक उत्तम पडूनही मशीन मरते.

मापाचाही घोळ होता. अमेरिकी बटणाला सव्वा इंचाहून थोडे कमी, म्हणजे साधारण २८.५ मिलिमीटरचे भोक लागे. ते लांब आट्यांचे, खालून नट आवळायचे. जाड लाकडासाठीच घडलेले. जपानी बटण ३० मिलिमीटरचे. त्याचा खटक्याने बसणारा प्रकार पातळ पत्र्यासाठी होता. जाड लाकडात त्याचे कान पकडच घेत नाहीत. पत्र्याच्या जोडफळीवर ते बसवायचे, तर पत्र्याला ३० चे भोक ठेवून खालचे लाकूड त्याहून रुंद कोरावे लागते. दोन देशांच्या कारखान्यांतला हा फरक मिटवण्याचे काम शेवटी फळीवर वाकलेल्या माणसाकडे आले.

इतिहास कुणाचा?

बुशनेल यांचे नाव पुस्तकांत आहे, डॅबनी यांचे उशिरा का होईना आले. सहावे भोक पाडणाऱ्या मिस्त्रीचे नाव कुठेच नाही. पण जगभरच्या पार्लरांत नवे गेम जुन्या डब्यांत चालले, ते त्याच्यामुळे. गरीब वस्तीतल्या पोराला एका नाण्यात नवा गेम मिळाला, कारण कुणीतरी नवा डबा घेण्याऐवजी जुनी फळी पुन्हा कोरली.

आज हौशी लोक जुनी मशीन विकत घेऊन ‘मूळ रूपात’ आणतात. जादा भोके बुजवतात किंवा फळीच बदलतात. त्यात गैर काही नाही. कारखान्यातले रूपही जपायला हवे. पण मशीनचे आयुष्य कारखान्याच्या दारात संपले नव्हते. ‘पॅक-मॅन’च्या बिनबटणी फळीवर नंतर पडलेली सहा भोके म्हणजे त्या डब्याचा पुढचा काळ आहे: मंदी, काटकसर, नवा गेम, नवी गर्दी. ती बुजवली की एवढा काळ वाचण्याची सोय जाते.

म्हणून जुनी फळी भंगारात देण्याआधी ती एकदा उलटी करून पाहावी. पत्रा उचलून खालचे लाकूड पाहावे. कुठे पेन्सिलीचे वर्तुळ राहिलेले असेल, कुठे चुकून पाडलेले आणि नंतर झाकलेले भोक दिसेल. त्याचा एक फोटो काढून ठेवायला पैसे लागत नाहीत. मुस्तफा खेळताना आपण ज्या चार बटणांना नावे ठेवली, ती नादुरुस्त नव्हती. त्यांचा गेम तेवढा त्या दिवशी लावलेला नव्हता.